तारेवरची वहिवाट

अकोल्याहून निघून पातूरचा घाट चढला की वाशीमच्या वाटेवर मेडशी लागते. मालेगाव तालुक्यातले हे गाव महामार्गावरचे. एसटी, ट्रक, सोयाबीनने भरलेल्या गाड्या यांची ये-जा इथे डोळ्यांना दिसते. महामार्गांच्या कडेने जमिनीखाली पुरलेल्या नळ्यांतून जी वाहतूक चालते ती मात्र दिसत नाही. तिथे केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश धावत असतो आणि त्या प्रकाशात कुणाचा सातबारा असतो, कुणाची पीकपाहणीची नोंद, कुणाच्या पुण्यातल्या नातवाचा व्हिडिओ कॉल. आता असे समजा की मेडशीसारख्या गावात एखाद्याला इंटरनेट पुरवण्याचा धंदा करायचा आहे. परवाना काढायला तो तयार आहे, केबलच्या धंद्यामुळे घरे त्याला माहीत आहेत, खांबावर चढणारी दोन पोरे हाताशी आहेत. त्याच्याकडे नाही ती एकच गोष्ट, तालुक्यापर्यंत किंवा जिल्ह्यापर्यंत जाणारी तार. ती तार आहे, पण दुसऱ्याची आहे, आणि तो दुसराही इंटरनेटच विकतो. त्या तारेवरून जाण्याचा या माणसाला काही हक्क आहे का, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

शेतीत हा प्रश्न आपण फार पूर्वी हाताळला. चारी बाजूंनी दुसऱ्यांची शेते असतील तर बैलगाडी काही उडून जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदार चौकशी करतो, मागणाऱ्याची गरज आणि शेजाऱ्याचे नुकसान पाहतो आणि निर्णय देतो. असलेली वाट कुणी अडवली तर त्याहून जुना, १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. या दाव्यांत किती चपला झिजतात हे विदर्भात कुणाला सांगायला नको. पण तत्त्वाबद्दल वाद नाही: बांध कुणाचा हा एक प्रश्न आणि त्यावरून जायचे कुणी हा दुसरा. मालकी आणि वहिवाट या दोन गोष्टी आपला कायदा वेगळ्या धरतो. दूरसंचारात २००४ साली हाच दुसरा प्रश्न भारतासमोर आला, नियामकाने त्याचे उत्तर लिहून दिले, आणि सरकारने ते बाजूला ठेवून दोन्ही पक्षांना सांगितले की आपसांत मिटवा. माझे म्हणणे असे की त्या ‘आपसांत’ या एका शब्दाने तारेवरचे स्वतंत्र इंटरनेट पुरवठादार मागे पडले, आणि तांब्याच्या तारेवर केलेली ती चूक आपण आता काचेच्या तारेवर, थोडी नटवून, पुन्हा करतो आहोत.

चूक नेमकी कुठे झाली हे कळायला टेलिफोन एक्स्चेंजच्या आत डोकवावे लागेल. घरातल्या जुन्या काळ्या फोनपासून निघालेली तांब्याच्या दोन तारांची जोडी खांबावरून, डब्यातून, जमिनीखालच्या जाड केबलमधून एक्स्चेंजमध्ये येते. तिथे भिंतीएवढी एक लोखंडी चौकट उभी असते, मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेम. तिच्या एका अंगाला गावातून आलेल्या जोड्या, दुसऱ्या अंगाला स्विचकडे जाणाऱ्या, आणि मध्ये रंगीत जंपर तारांचे जाळे. कुठल्या घराचा कुठला नंबर हे त्या जंपरवर ठरते. माणसाच्या बोलण्याला या जोडीतला फार थोडा भाग लागतो, चार हजार हर्ट्झच्या आतला. त्यावरची लाखो हर्ट्झची जागा मोकळी पडलेली असते, आणि डीएसएल ब्रॉडबँड तिथेच चालते. म्हणजे एकाच तारेवर खालच्या मजल्यावर आवाज आणि वरच्या मजल्यांवर इंटरनेट, मध्ये स्प्लिटर नावाची छोटी डबी. वरचे मजले दुसऱ्या कंपनीला भाड्याने द्यायचे तर काम एवढेच: जंपर काढायचा, स्प्लिटरमधून फिरवायचा आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात नेऊन टाकायचा. लाइन शेअरिंग ते हेच. तारेचा मालक बदलत नाही, फोनही त्याचाच राहतो. मात्र दुसऱ्या कंपनीचे यंत्र ठेवायला त्याच इमारतीत कोपरा लागतो, वीज आणि बॅटरी लागते, आणि आत यायला चावी लागते. तंत्र सोपे आहे, चावी अवघड. यंत्र ठेवण्याची ऐपत नसलेल्या छोट्या पुरवठादारासाठी आणखी एक प्रकार असतो: यंत्र मालकाचेच, पण त्यातून निघणारा डेटाचा प्रवाह घाऊक दराने विकत घ्यायचा आणि आपल्या नावाने किरकोळ विकायचा.

गंमत अशी की ब्रॉडबँड येण्याआधी ही वहिवाट आपोआप होती, आणि ती होती हे कुणाच्या ध्यानातही नव्हते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी पुरवठादारांना दार उघडले. परवाने तीन वर्गांचे होते. ‘अ’ देशभरासाठी, ‘ब’ एका दूरसंचार मंडळासाठी (महाराष्ट्र मंडळात मुंबई नाही आणि गोवा आहे, ही त्या खात्याची आपली स्वतंत्र भूगोलविद्या), आणि ‘क’ एका एसएसएपुरता, म्हणजे साधारण एका-दोन जिल्ह्यांपुरता. म्हणजे जिल्ह्याच्या गावच्या माणसानेही इंटरनेटचा पुरवठादार व्हावे, अशी कल्पना त्या कागदावर स्पष्ट होती. आणि ती शक्यही होती, कारण तेव्हा डायल-अप होते. मोडेम किरकिर करत पुरवठादाराच्या नंबरावर फोन लावायचा. तार सरकारी, पण कुणाला फोन लावायचा हे ग्राहक ठरवायचा. तारेच्या मालकाला मध्ये हात घालायला जागाच नव्हती. डीएसएल आले आणि हे उलटले. आता इंटरनेटचे यंत्र फोनच्या पलीकडे, पुरवठादाराच्या खोलीत राहिले नाही, ते एक्स्चेंजच्या आत, तारेच्या टोकाला आले. ज्याची इमारत त्याचे यंत्र, ज्याचे यंत्र त्याचा ग्राहक. परवाना हातात असलेल्या ‘क’ वर्गाच्या माणसाच्या पायाखालची वाट एका तांत्रिक सुधारणेने काढून घेतली, कुणीही वाईट न वागता.

नियामकाला हे दिसले होते, आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. ट्रायने २९ एप्रिल २००४ ला इंटरनेट आणि ब्रॉडबँडच्या वाढीविषयी शिफारसी दिल्या, त्यात तांब्याच्या जोड्या दुसऱ्या पुरवठादारांना खुल्या करण्याची शिफारस होती. १४ ऑक्टोबर २००४ ला सरकारचे ब्रॉडबँड धोरण आले. त्यात ती सक्ती गळाली. बीएसएनएल, एमटीएनएल आणि इतर तारधारक परस्पर संमतीने व्यापारी करार करायला मोकळे आहेत, असे ठरले. मोकळे ते आधीही होतेच. धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले आणि उद्दिष्टे ठेवली: २००५ अखेर ३० लाख जोडण्या, २००७ अखेर ९० लाख, २०१० अखेर २ कोटी. प्रत्यक्षात २००५ च्या शेवटी ९ लाखांच्या आसपास, २००७ च्या शेवटी ३० लाखांच्या थोडे वर आणि २०१० च्या शेवटी १ कोटी १० लाखांच्या जवळ आपण पोचलो. या घसरणीचे सगळे खापर एका कलमावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. संगणक महाग होते, वीज जात होती, भारतीय भाषांत वाचण्यासारखे थोडे होते. पण ज्या काळात देशात चार कोटींच्या घरात तांब्याच्या जोड्या घराघरांत पोचलेल्या होत्या, त्या काळात त्यांतल्या बहुसंख्य जोड्यांचे वरचे मजले रिकामे राहिले, आणि ते भाड्याने घ्यायला माणसे दारात उभी होती.

परस्पर संमती ऐकायला शहाणपणाची वाटते. दोघे समान असतील तर ती शहाणपणाचीच असते. इथे एकाकडे तार आहे आणि दुसऱ्याकडे फक्त गरज. शिवाय तारवाल्याला दुसरा भाडेकरू म्हणून नको आहे, कारण तो घरात आला की आपलेच गिऱ्हाईक फोडणार. अशा करारात नाही म्हणावेच लागत नाही. अर्ज विचाराधीन ठेवता येतो, कोपरा शिल्लक नाही म्हणता येते, किंवा सरळ परवडणार नाही असा दर सांगता येतो. हे काही आपल्या मातीचे वैशिष्ट्य नव्हे. जर्मनीत तर कायद्याने तार खुली केलेली होती, तरी डॉइच टेलिकॉम प्रतिस्पर्ध्यांना तार ज्या घाऊक दराने देत होती तो दर काही वर्षे तिच्या स्वतःच्या किरकोळ ग्राहकाच्या मासिक आकारापेक्षाही जास्त होता. म्हणजे व्यापाऱ्याला मोंढ्यात तूर महाग आणि दुकानात तूरडाळ स्वस्त. युरोपीय आयोगाने २००३ साली तिला १ कोटी २६ लाख युरोंचा दंड केला. हक्क नुसता लिहून भागत नाही, दर आणि मुदत ठरवणारा कुणीतरी लागतो, हे जर्मनीने दाखवले. आपल्याकडे हक्कच लिहिला नाही, त्यामुळे दराचा प्रश्न उद्भवलाच नाही.

वाट मिळाली नाही तेव्हा स्वतंत्र पुरवठादारांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. १९९८ मध्ये पहिल्या खासगी पुरवठादारांत असलेल्या सत्यम इन्फोवेने, म्हणजे पुढच्या सिफीने, सायबर कॅफे, केबलवाले आणि गच्चीवरचे वायरलेस यांचा आधार घेतला. २००८ साली उभी राहिलेली तिकोना तर बिनतारीच आली, इमारतीच्या गच्चीवर अँटेना लावून खाली घरोघर वायर सोडणारी. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली घराबाहेर वापरायला परवानामुक्त झाला होता, म्हणून हे जमले. मुंबई-पुण्यात, नागपुरात गल्लीगल्लीत केबलवाल्यांनी खांबांवरून खांबांवर स्वतःच्या तारा टाकल्या. आपल्या शहरांतल्या चौकांवर लोंबणारी ती काळी वेटोळी म्हणजे विद्रूपतेचा नमुना, असे सगळेच म्हणतात. मला त्यात धोरणाचा हिशोब दिसतो. जमिनीखाली एक चांगली जोडी असताना तिच्यावरून जाता येत नाही म्हणून वर पाच जणांनी पाच तारा टाकल्या. पुन्हा, शहरात हे परवडते. एका इमारतीत ४० घरे असली की तार वसूल होते. गावात वसूल होत नाही, म्हणून गावात पाचवी तार सोडाच, दुसरीही आली नाही.

इथे तारधारकांची बाजू मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. पहिला आक्षेप गुंतवणुकीचा. मी पैसा घालून तार टाकायची आणि शेजाऱ्याने तिच्यावरून धंदा करायचा, तर पुढची तार कोण टाकेल? या युक्तिवादावर अमेरिकेने आपले धोरण फिरवले. तिथे १९९६ च्या कायद्याने तारा खुल्या केल्या, १९९९ मध्ये संचार आयोगाने लाइन शेअरिंगचा स्वतंत्र आदेश काढला, २००२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला, २००३ मध्ये आयोगाने लाइन शेअरिंग टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि २००५ पर्यंत उरलेले दारही लागले. तारेवर जगणाऱ्या कोव्हाड, नॉर्थपॉइंट, रिदम्स या कंपन्या तर त्याआधीच २००१ मध्ये दिवाळखोरीत गेल्या होत्या. म्हणजे हक्क असूनही बुडता येते, हेही खरे, आणि वहिवाट म्हणजे पिकाची हमी नव्हे. पण अमेरिकन न्यायालयापुढचा एक मुद्दा आपल्याकडे उद्धृत करताना नेहमी गळतो. तिथे बहुसंख्य घरांत टेलिफोनखेरीज दुसरी जाड तार आधीच होती, केबल टीव्हीची, आणि तिच्यावरून त्याच वेगाचे इंटरनेट येत होते. एका वाटेवर हक्क दिला नाही तरी दुसरी वाट होती. २००४ च्या भारतात केबल टीव्ही होता, पण तो बहुतेक एकेरी, गल्लीपुरता आणि जोडांनी भरलेला. ज्या गावाला एकच वाट आहे, त्या गावाला दोन वाटांच्या गावाचा निकाल लागू करणे म्हणजे घाटावरचा सातबारा दाखवून वऱ्हाडात जमीन मागण्यासारखे आहे.

आणि गुंतवणूक आटते हे म्हणणे इतर देशांत खरे ठरले का? युरोपीय संघाने डिसेंबर २००० मध्ये तारा खुल्या करण्याचा नियम केला. फ्रान्समध्ये त्याच नियमावर उभ्या राहिलेल्या फ्री या कंपनीने २००२ मध्ये २९ युरो ९९ सेंटला जोडणी द्यायला सुरुवात केली, आणि भाड्याच्या तारेवर कमावलेल्या पैशातून पुढे स्वतःचे फायबर टाकले. जपानमध्ये सॉफ्टबँकने २००१ मध्ये एनटीटीच्या तारांवरून ब्रॉडबँड सुरू केले आणि दर असे पाडले की खुद्द एनटीटीला फायबरकडे धावावे लागले. ब्रिटनमध्ये बीटीचा तारांचा विभाग २००६ च्या जानेवारीत ओपनरीच म्हणून वेगळा बसवला, जेणेकरून तो बीटीला आणि बीटीच्या स्पर्धकाला एकाच अर्जावर, एकाच दराने तार देईल. हार्वर्डच्या बर्कमन केंद्राने २०१० मध्ये अमेरिकन आयोगासाठी जगभरच्या धोरणांचा आढावा घेतला, त्याचाही कल तारा खुल्या ठेवणाऱ्या देशांच्या बाजूने होता. त्यावर टीका झाली आणि हा वाद अर्थशास्त्रात अजून चालू आहे. पण आपला पुरावा आपल्याच घरात आहे. तार राखून ठेवल्याने तार वाचली असती, तर भारतात तांब्याचे जाळे फोफावायला हवे होते. झाले काय? चार कोटींच्या आसपासचे लँडलाइन २०२० पर्यंत दोन कोटींवर आले. मोबाइलने ते खाल्ले हे उघड आहे. तरी, ज्या काळात त्या तारांना भाडे मिळू शकले असते त्याच काळात ते नाकारले गेले, आणि नंतर त्या तारा भंगाराच्या भावाने मोजायची वेळ आली.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो, आणि तो मेडशीसारख्या गावाविषयीच आहे. तांबे लांबीला दाद देत नाही. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटरनंतर डीएसएलचा वेग झपाट्याने पडतो, पावसाळ्यात जोडांत पाणी शिरते, आणि गावच्या एक्स्चेंजवर फोन असतात शे-दोनशे. तिथे यंत्र ठेवायला कोण स्वतंत्र पुरवठादार आला असता? कुणीही नाही. हे मी मान्य करतो. २००४ मध्ये तार खुली झाली असती तरी फायदा आधी अकोल्याला, फार तर वाशीमला झाला असता. मेडशीला घाऊक प्रवाह विकत घेण्याची सोय असती तरच काही पोचले असते. पण या आक्षेपाची धार तांब्यापुरती आहे. काचेच्या धाग्याला हे लागू होत नाही. घरगुती फायबरच्या रचनेत एका टोकाच्या यंत्रापासून २० किलोमीटरपर्यंत सहज जाता येते आणि एका धाग्यातून स्प्लिटर लावून ६४ घरे काढता येतात. तालुक्याच्या गावी बसवलेले एक यंत्र आजूबाजूच्या गावांना पुरते. म्हणजे जे गाव तांब्याच्या काळात वहिवाटीच्या प्रश्नाबाहेर होते, ते काचेच्या काळात थेट त्या प्रश्नाच्या मध्यभागी आले आहे.

तिसरा आक्षेप रोज कानावर येतो: खिशात मोबाइल आहे, तार हवी कुणाला? मार्च २०२५ अखेर देशात ब्रॉडबँडच्या ९४ कोटींच्या आसपास जोडण्या होत्या आणि त्यांतल्या तारेच्या जेमतेम चार कोटींच्या वर. आकडा पाहिला तर आक्षेप घेणारा जिंकल्यासारखा वाटतो. पण मोबाइलचा मनोराही शेवटी तारेलाच जोडावा लागतो, आणि ज्या शाळेत २० संगणक एका वेळी चालवायचे आहेत, ज्या सेवा केंद्रात पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी गर्दी आहे, तिथे रेंजच्या दोन काड्यांवर काम निभत नाही. शिवाय मोबाइलमध्ये स्पेक्ट्रमच्या लिलावात उतरू शकणारे देशात तीन-चार जण. तारेच्या धंद्यात जिल्ह्याचा, तालुक्याचा माणूस शिरू शकतो. निदान १९९८ च्या परवान्याने तसे ठरवले होते.

म्हणून भारतनेटकडे पाहायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली ही योजना, तेव्हाचे नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे, देशातल्या अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी होती. तालुक्यापर्यंत बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांचे फायबर आधीच होते. तिथून पंचायतीपर्यंतचा तुटलेला भाग जोडायचा. पैसा सार्वत्रिक सेवा निधीचा, म्हणजे प्रत्येक फोनबिलातून दूरसंचार कंपन्यांमार्फत सरकारकडे गेलेल्या परवाना शुल्काचा. मेडशीच्या माणसाने रिचार्ज केला तेव्हा त्यातले काही पैसेही त्यात गेले. इथे गुंतवणुकीचा आक्षेप उभाच राहत नाही, कारण पैसा घालणारा कुणी एक मालक नाही. आणि योजनेत पहिल्यापासून लिहिले होते की हे जाळे सर्व पुरवठादारांना भेदभाव न करता वापरता येईल. वाचायला छान. पण भेदभाव न करण्याचा दर किती, अर्ज केल्यावर किती दिवसांत धागा मिळणार, पंचायतीतला डबा बंद पडला तर कोण येणार, याच्या उत्तरांशिवाय ते वाक्य म्हणजे नकाशावर ठिपक्यांनी दाखवलेला पांदण रस्ता. ४ ऑगस्ट २०२३ ला सुधारित भारतनेट मंजूर झाले, १,३९,५७९ कोटी रुपयांचे, आणि ते चालवण्याची जबाबदारी बीएसएनएलकडे आली, म्हणजे स्वतः घरोघर फायबर विकणाऱ्या संस्थेकडे. गावातल्या माणसाला यात ‘भारतनेट उद्यमी’ म्हणून जागा आहे: घरापर्यंतची तार त्याने टाकायची, सांभाळायची, आणि उत्पन्न साधारण निम्मे निम्मे.

ही बटई आहे. बटई वाईट असते असे मी म्हणत नाही. बियाणे-खताची जबाबदारी वाटली जाते, नवख्या माणसाला जमीन हातात मिळते, आणि बऱ्याच गावांत फायबर पोचण्याचा हाच एकमेव रस्ता असेल. पण बटईदार आणि वहिवाटीचा हक्क असलेला शेजारी यांत फरक आहे. उद्यमी दर ठरवत नाही, नाव त्याचे नसते, दुसऱ्याकडून स्वस्त प्रवाह मिळाला तर तो घेऊ शकत नाही, आणि करार संपला की त्याची ६४ घरे त्याची राहत नाहीत. २०१६ मध्ये आलेले आभासी जाळेचालकांचे परवाने याहून पुढे जाऊ शकले असते, कारण त्यांत दुसऱ्याच्या जाळ्यावर स्वतःच्या नावाने धंदा करायची मुभा होती. तिथेही अटी परस्पर संमतीवरच सोडल्या. २००४ चा शब्द १२ वर्षांनी जसाच्या तसा.

या सगळ्यात एक अपवाद आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी आला. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने पीएम-वाणी योजना आणली: किराणा दुकानदारानेही वाय-फाय लावावे, पाच-दहा रुपयांना डेटा विकावा. २०१८ च्या दूरसंचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय ठिकाणांचे स्वप्न पाहिले होते. २०२५ च्या मध्याला पीएम-वाणीच्या ठिकाणांची संख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. कारण जुनेच. दुकानदाराला घरगुती फायबर देण्याऐवजी मोठ्या कार्यालयांसाठीची लीज लाइन घ्या, असे सांगितले जाई, आणि तिचा दर घरगुती जोडणीच्या कित्येक पट. शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायने दर आदेशात दुरुस्ती केली: अशा दुकानदाराला २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती फायबर योजना द्यावी लागेल, आणि दर किरकोळ दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. दुप्पट हा आकडा चढा आहे असे मला वाटते. चहाची टपरी दिवसाला मोजकी पाकिटे विकून दुप्पट भाडे कशी काढणार? तरीही या आदेशात ‘आपसांत’ हा शब्द नाही. आकडा आहे. तारधारक आणि तारेवर धंदा करणारा छोटा माणूस यांच्यामध्ये नियामक आकडा घेऊन उभा राहिला. तो अधिकार त्याच्याकडे आधीपासून होता, आणि त्याने तो वापरलाही होता: समुद्राखालच्या केबल मुंबईत वर्सोव्यासारख्या ठिकाणी जिथे किनाऱ्याला लागतात, त्या स्थानकांत इतर कंपन्यांना प्रवेश देण्याचे नियम ट्रायने २००७ मध्येच केले. महासागर संपतो तिथली वाट खुली झाली, पांदण संपते तिथली राहिली.

राहता राहिला तंट्याचा प्रश्न. बांधाचा वाद मालेगावच्या तहसील कार्यालयात जातो. तारेचा वाद दिल्लीत, २००० साली स्थापन झालेल्या दूरसंचार तंटा लवादापुढे, आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. दोनशे घरांच्या पुरवठादाराला दिल्लीचे एक रेल्वे तिकीट आणि एक वकील म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. मोठ्या कंपन्यांमधल्या हजारो कोटींच्या वादांसाठी तो लवाद योग्यच आहे. पण पंचायतीच्या खोलीतला धागा १५ दिवसांत का मिळाला नाही, या तक्रारीसाठी जिल्ह्यात कुणीतरी बसायला हवे. नव्या दूरसंचार कायद्याखाली केलेल्या मार्गाधिकार नियमांनी, जे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, रस्ता खोदून तार टाकण्याच्या परवानग्यांना मुदती घातल्या. म्हणजे नवी तार टाकायला मुदत आहे, आणि टाकलेली तार वापरायला द्यायला नाही.

आणि तार तुटली तर? कागदावरचा कुठलाही हक्क इथे येऊन थांबतो. महामार्गाचे रुंदीकरण असो की नळयोजनेची चारी, जेसीबीचा दात केबलला लागतो आणि २४ धाग्यांची केबल एका झटक्यात जाते. मग गावोगाव घरातल्या डब्यावर लाल दिवा लागतो आणि लोक फोन करतात तो ज्याने घरी तार आणली त्याला. तो खड्ड्यापाशी उभा राहतो, पण केबल त्याची नाही, म्हणून तिला हात लावता येत नाही. जोडणारा माणूस जिल्ह्याहून येणार. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, अशा रंगांच्या क्रमाने तो एकेक धागा सोलणार, स्पिरिटने पुसणार, कापणार, स्प्लायसिंग यंत्राच्या ठिणगीत दोन टोके वितळवून जोडणार. एका धाग्याला काही मिनिटे, चोवीस धाग्यांना दुपार. ब्रिटनमध्ये हा माणूस ओपनरीचचा असतो, आणि ग्राहक कुणाचा आहे हे त्याने विचारायचे नसते. सुधारित भारतनेटच्या कंत्राटांत तीन वर्षे उभारणी आणि पुढची दहा वर्षे देखभाल आहे. त्या दहा वर्षांत खड्ड्यात उतरणारा माणूस आधी कुणाचा धागा उचलेल, बटईदाराचा की वाटेने जाणाऱ्याचा, हे त्या कंत्राटात लिहिलेले असायला हवे.